हातांकडं बघू नका

माझ्या लेकीचं दुखणं सगळ्यांत आधी तिच्या वहीत उमटलं. मी मुद्रितशोधनाचं काम करतो. पुण्याच्या प्रकाशकांची पुस्तकं तपासायला सांगलीत माझ्या घरी येतात, त्यामुळे अक्षराकडे बारकाईनं बघायची सवय अंगवळणी पडलेली. ती तेव्हा चौथीत होती. तिची शुद्धलेखनाची वही चाळताना दिवाळीच्या सुट्टीआधीची आणि नंतरची पानं एकाच हाताची वाटेनात. आधीचं अक्षर टपोरं, रेघेवर नीट बसलेलं. नंतर काने कलू लागले, वेलांट्या अर्ध्यात तुटल्या, शिरोरेघ मध्येच उसळून वरच्या ओळीत घुसली. डिसेंबरातल्या एका पानावर पेन्सिलीचं टोक कागदाच्या आरपार गेलं होतं. खाली लाल शाईत शेरा होता : 'अभ्यासात लक्ष नाही. अक्षर सुधारणे.'

अक्षराबरोबर बाकीचंही बिघडत होतं. आमटीची वाटी तोंडाशी नेता नेता सांडायची. वेणी घालताना मान एका जागी ठरत नव्हती. खांदा मध्येच उडायचा, भुवया वर जायच्या, ओठ वेडेवाकडे व्हायचे. वर्गातल्या मुली म्हणायच्या, ही आम्हाला वाकुल्या दाखवते. आणि स्वभाव तर पार पालटला. धाकट्या भावानं खोडरबर घेतला म्हणून तिनं दप्तर भिंतीवर भिरकावलं आणि पुढच्याच क्षणी त्याला मिठी मारून हुंदके देत बसली. कशाचं रडू येतंय हे तिला सांगता येईना. तिला खरंच माहीत नव्हतं.

घरात, शेजारी, शाळेत प्रत्येकाकडे या वागण्याचं कारण तयार होतं. भाऊ झाल्यापासून हिच्याकडे दुर्लक्ष झालं. एकुलती असताना फार लाडावली. मोबाइल बघते. आईची नोकरी. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं बाहेरचं असेल, जतकडे एक देवऋषी आहे, एकदा दाखवून आणा. शिकलेल्यांची कारणं आणि न शिकलेल्यांची कारणं वरवर वेगळी, पण रोख एकच : दोष एक तर पोरीच्या वळणात, नाही तर आमच्या नशिबात. पोरीच्या शरीराकडे कुणाचं बोट जात नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, भूक लागते, पळते-खेळते, मग आजारी कशी म्हणायची?

ते बोट ठेवलं माझ्या आईनं. दृष्ट काढणारीही तीच. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्यावर रात्री नातीच्या उशाशी बसून राहायची. एका रात्री तिनं मला उठवून आणलं आणि म्हणाली, "झोपेत बघ की. एक बोटसुद्धा हलत न्हाई. खोडी काढणारं पोर झोपेतबी कूस बदलतंय, पाय झाडतंय. ही दमून पडलीया. दिवसभर हिला कुणीतरी हलवतंय आणि ही दमतीया." हिला कुणीतरी हलवतंय, या वाक्याचा अर्थ तिच्या मनात वेगळा असेल. पण झोपेत हालचाली पूर्ण थांबतात हे तिनं बरोबर टिपलं होतं, आणि पुढे मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हाला पहिल्या काही प्रश्नांत हेच विचारलं.

मिरज सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, आणि दवाखान्यांचं गाव म्हणून कर्नाटकापर्यंत ख्याती. तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी यंत्राला हात लावायच्या आधी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी आपली दोन बोटं तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "घट्ट पकड, सोडू नकोस." तिनं पकडली. पकड आवळायची, सुटायची, पुन्हा आवळायची. तिची मर्जी काही असो, मूठ आपली चालूच. गायीची धार काढताना बोटं चालतात तशी, आणि वैद्यकात या लक्षणाला नावही तेच आहे, गवळणीची पकड. मग जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली. जीभ क्षणभर बाहेर राहायची आणि आत पळायची. दोन्ही हात डोक्यावर उंच धरायला लावले, तर तळवे आपोआप बाहेरच्या बाजूला वळू लागले. माझी बायको माझ्याकडे बघत होती. घरात इतके दिवस जिला 'नीट धर, नीट बस' म्हणत होतो, ती पोर जीव तोडून नीट धरायचाच प्रयत्न करत होती, हे त्या खोलीत उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत घसा दुखला होता का?"

श्रावणात दुखला होता. दोन दिवस ताप, गिळायला त्रास, मग बरी झाली. पावसाळ्यात कुणाचा घसा दुखत नाही?

घशात येणारा स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू. त्यातला अ गटाचा. शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं, जंतू हटतो, गोष्ट संपते. पण या जंतूच्या अंगावरचे काही रेणू आपल्या हृदयाच्या झडपांशी, सांध्यांशी आणि मेंदूतल्या काही पेशींशी मिळतेजुळते असतात. थोड्या मुलांत प्रतिपिंडांची ओळख पटवण्यात गफलत होते आणि ती आपल्याच शरीरावर उलटतात. सांध्यांवर उलटली तर सूज, झडपांवर उलटली तर हृदयरोग. या सगळ्याला मिळून ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात. आणि मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियावर उलटली तर हे, जे आमच्या घरात चाललं होतं. या भागाचं काम हालचाली सुरू करणं जितकं, तितकंच नको त्या हालचाली दाबून ठेवणं. नको ते विचार दाबून ठेवण्यातही त्याचा वाटा असतो. घसा दुखल्यानंतर हे दिसायला एक ते सहा महिने लागू शकतात. म्हणून घसा कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि तोवर रक्तातला एएसओ टायटर, म्हणजे या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांचं मापसुद्धा, कधी कधी खाली आलेला असतो. रिपोर्ट नॉर्मल, पोर बिघडलेली.

आजाराचं नाव सिडनहॅम्स कोरिया. थॉमस सिडनहॅम हा लंडनचा वैद्य, आणि त्यानं हे वर्णन छापलं १६८६ साली, म्हणजे इकडे औरंगजेबानं विजापूर घेतलं त्या वर्षी. पाण्याचा पेला तोंडाशी न्यायला निघालेल्या मुलाचा हात वाटेत कसा भरकटतो, किती वळसे घेऊन तो ओठांना लागतो, हे त्यानं इतक्या नेमकेपणानं लिहिलं आहे की वाचताना मला आमच्या स्वयंपाकघरातली आमटीची वाटी दिसली. उपाय मात्र त्याच्याकडे मुख्यतः रक्त काढणं आणि जुलाब देणं हेच होते. घशाशी नातं कळायला पुढे शतकं गेली. १९४४ साली डकेट जोन्स या अमेरिकन डॉक्टरनं ऱ्हुमॅटिक फीवर ओळखायचे निकष बांधले, त्यात कोरियाला मुख्य लक्षणाचा दर्जा दिला. ते निकष नंतर अनेकदा सुधारले, पण कोरियाची जागा हलली नाही. मुलींमध्ये तो मुलांपेक्षा जास्त दिसतो. वय साधारण पाच ते पंधरा. थोडक्यात, शाळेचं वय. हा आजार पहिल्यांदा कुणाला दिसत असेल तर वर्गशिक्षिकेला, आणि तो तिला दिसतो बेशिस्तीच्या रूपात. एखाद्या मुलीचं अक्षर महिन्याभरात अचानक ढासळलं, वस्तू हातातून पडू लागल्या, ती कारणाशिवाय रडू लागली, तर शेरा लिहिण्याआधी तिच्या आईबापांना एक प्रश्न विचारावा, मागे घसा दुखला होता का, आणि तिचं हृदय एकदा तपासून घ्यायला सांगावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळाशाळांतून मुलं तपासतात, त्यांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे. पथकाची भेट मोजक्या वेळेची असते. बाई रोज वर्गात असतात. हे मी कळवळून लिहितो आहे.

आमच्या लेकीच्या टूडी एकोत डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेतून थोडी गळती निघाली. कानाला नळी लावून ती ऐकू येत नव्हती. पोरीच्या वागण्यानं आम्हाला डॉक्टरकडे नेलं नसतं तर हृदयाचं कळलंच नसतं. मनाच्या वाटेनं आलेल्या आजारानं हृदयाची बातमी आणली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आईला सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग तिनं तिच्या धाकट्या बहिणीचं नाव घेतलं. ही मावशी मी पाहिलेली नाही. लहानपणी तिचे हात उडायचे, तोंड वेडंवाकडं व्हायचं. गावात तिला नाव पडलं होतं, ते आईनं मला सांगितलं, मी इथं लिहीत नाही. काही महिन्यांनी ते आपोआप थांबलं. तिचं लग्न झालं, आणि पहिल्या बाळंतपणात दम लागून ती गेली. आई म्हणाली, "लोक म्हनले, लहानपणी लागीर झालं हुतं, त्यानंच नेली." साठ वर्षांपूर्वीच्या मृत्यूचं निदान आज कुणी करू शकत नाही. पण लहानपणी कोरिया, मग काही काळ सगळं ठीक, मग गरोदरपणाच्या भाराखाली आधीच खराब झालेल्या झडपेचं हार मानणं, हा क्रम हृदयरोगाच्या कुठल्याही डॉक्टरच्या ओळखीचा आहे. आई त्या रात्री नातीसाठी कमी आणि बहिणीसाठी जास्त रडली असं मला वाटतं.

हालचालींवर औषध सुरू झालं. व्हॅलप्रोएट दिलं होतं. काही मुलांना हॅलोपेरिडॉल देतात, काहींना स्टेरॉइड. काही आठवड्यांत हात निवळू लागला. बघणाऱ्यांना वाटलं, पोर बरी झाली. खरं कठीण ते त्यानंतर आलं. किंवा असं म्हणू, आधीपासून होतं ते आता स्पष्ट दिसू लागलं.

हात उडायला लागायच्या कितीतरी आधीपासून ती फार देवभोळी झाली होती. उंबरा ओलांडताना वाकून हात लावायची. घराबाहेर पडताना देव्हाऱ्यातल्या प्रत्येक देवाला वेगळा नमस्कार. तिन्हीसांजेला शुभं करोति म्हणताना एखादा शब्द अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या आईला त्याचं कौतुक होतं, आणि का नसावं? मुलांनी परवचा म्हणावा म्हणून घराघरात हाका माराव्या लागतात. पण दिवे लागल्यावर सुरू झालेलं शुभं करोति जेवायची वेळ टळून गेली तरी चालू राहिलं, मध्ये कुणी बोललं तर ती कानांवर हात ठेवून किंचाळू लागली, तेव्हा ही भक्ती नाही हे दिसायला लागलं. एकदा बायकोनं जवळ घेऊन विचारलं तेव्हा बाहेर पडलं : तिच्या मनात एकसारखं येत होतं की आई मरणार आहे. ते विचार तिचे नव्हते, पण तिच्याच आवाजात येत होते. नमस्कार बरोबर झाला तर आई वाचेल, चुकला तर नाही. नऊ वर्षांची पोर रोज संध्याकाळी आपल्या आईचा जीव वाचवत होती.

याचाही त्याच आजाराशी संबंध आहे हे मला वाचनातून कळलं. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत सुझन स्वीडो या बालरोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिडनहॅम्स कोरियाच्या मुलांकडे नव्यानं बघितलं आणि १९८९ साली लिहिलं की या मुलांमध्ये मंत्रचळाची, म्हणजे नको ते विचार आणि ते शमवायला पुन्हा पुन्हा केलेली तीच कृती यांची, लक्षणं मोठ्या प्रमाणात आढळतात. ती पुष्कळदा हालचालींच्या आधी सुरू होतात, हेही त्यांच्या ध्यानात आलं. मग प्रश्न आला : ज्या मुलांत हात उडतच नाहीत, फक्त मन बिघडतं, तिथेही मागे घशाचाच जंतू असेल तर? १९९८ साली त्यांनी अशा ५० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्या अवस्थेला 'पँडास' हे नाव मिळालं. पुढे २०१२ मध्ये कारण स्ट्रेप्टोकॉकसच असलं पाहिजे ही अट काढून 'पँस' ही अधिक रुंद व्याख्या आली : रातोरात उसळणारा मंत्रचळ किंवा अचानक अन्न टाकणं, आणि त्याबरोबर चिडणं, अक्षर बिघडणं, अंथरूण ओलं होणं, लहान बाळाप्रमाणे वागणं. त्यावर डॉक्टरांमध्ये अजून जोरात वाद आहेत. किती मुलांत खरोखर जंतूचा हात असतो, कुठले उपचार द्यावेत, यावर एकमत नाही. मी त्या वादात पडायला लायक नाही. पण त्या मुलांचे आईबाप दारोदार फिरताना काय ऐकत असतील ते मला माहीत आहे. आमच्या पोरीचा हात उडत होता म्हणून आमच्यावर विश्वास ठेवला गेला. ज्यांच्या पोरांच्या हातात काहीच दिसत नाही, त्यांना आपल्या पोराचा शुक्रवार आणि सोमवार यांत झालेला फरक कुणाला कसा पटवून द्यायचा हे सुचत नसेल.

२००३ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला, ओक्लाहोमाच्या मॅडलिन कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. सिडनहॅम्स कोरियाच्या रुग्णांमधली प्रतिपिंडं मेंदूच्या पेशींना चिकटतात आणि त्यांच्या आतले संदेश चेतवतात, असं त्यांनी दाखवलं. तो मी शब्दकोश जवळ घेऊन वाचला. त्यातलं रसायनशास्त्र मला फारसं कळलं नाही. पण आई मरणार हा विचार माझ्या पोरीच्या मनात आला तो आम्ही काही बोललो म्हणून नव्हे, तिनं काही पाहिलं म्हणून नव्हे, ती मनानं कमकुवत आहे म्हणूनही नव्हे, हे त्या निबंधात माझ्यापुरतं लिहिलेलं होतं.

कारण कळलं तरी संध्याकाळ टळत नव्हती. रात्री झोपताना ती विचारायची, "आई, मी मनात वाईट बोलले. तुला काही होणार नाही ना?" बायको म्हणायची, नाही गं बाळा. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, शब्द न शब्द तोच. पुन्हा नाही. पुन्हा प्रश्न. आम्ही एका बालमानसतज्ज्ञ बाईंकडे जाऊ लागलो. त्यांनी जे सांगितलं ते ऐकायला सोपं होतं : उत्तर एकदाच द्यायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणायचं, याचं उत्तर तुला माहीत आहे. जितक्या वेळा तुम्ही धीर द्याल तितक्या वेळा मंत्रचळाला खुराक मिळेल. धीर मिळाला की भीती क्षणभर उतरते आणि दुप्पट भूक घेऊन परत येते.

पोर अंधारात काकुळतीला येऊन विचारते आहे, "सांग ना आई, एकदाच सांग," आणि आईनं तिचा हात हातात धरून उत्तर मात्र द्यायचं नाही. यापेक्षा कठीण काम मी माझ्या बायकोला करताना पाहिलेलं नाही. घरात कुणी बाहेरचं असतं तर त्याला ती निष्ठुर वाटली असती. माझ्या आईला तर वाटलीच, ती उठून पलीकडच्या खोलीत गेली आणि तिथून म्हणाली, "एवढ्याशा शब्दाला काय पैसं पडत्यात का?" बायको उत्तर देत नव्हती, कुणालाच. तिच्या अंगठ्याच्या नखांचे वण लेकीच्या तळहातावर उमटलेले मी दुसऱ्या दिवशी पाहिले. दोघींपैकी कुणालाही ते रात्री जाणवलं नव्हतं. प्रश्न एका दिवसात थांबले नाहीत. आधी दोन प्रश्नांमधलं अंतर वाढलं. मग एका रात्री तिनं प्रश्न अर्धा विचारला आणि स्वतःच म्हणाली, "असू दे." त्या 'असू दे'साठी आम्ही काय काय दिलं असतं.

आजार ओसरला. कोरिया बहुतेक मुलांत काही महिन्यांत ओसरतो. काहींत पुन्हा उलटतो, पुष्कळदा नव्या घसादुखीनंतर. म्हणून इंजेक्शन. बेंझाथिन पेनिसिलिन, १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी. आधीच्या दुखण्यावर ते औषध नाही. पुढच्या जंतूला घशात पाय ठेवू न देण्यासाठी आहे, कारण दर हल्ल्यात झडप थोडी अधिक जाते. हृदयाला झळ लागलेल्या मुलांना ते पंचविशीपर्यंत तरी घ्यावं लागतं. कुपीतली पांढरी पूड पाण्यात कालवली की दाट होते, बारीक सुईत अडकते, म्हणून सुई जाड. कमरेखाली खोलवर देतात आणि तो भाग दोन दिवस ठणकतो. पेनिसिलिनच्या रिअॅक्शनच्या भीतीनं कितीतरी दवाखाने हे इंजेक्शन द्यायला नको म्हणतात. ती भीती खोटी नाही, पण तिचं माप माहीत असलेलं बरं : १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत ३२,४३० इंजेक्शनांमध्ये जिवावर बेतणारी रिअॅक्शन चौघांना आली होती, त्यातला एक दगावला. इंजेक्शन न घेता झडप गमावणाऱ्यांची भीती मात्र कुणी दारावर लिहून लावत नाही.

मध्यंतरी हे औषधच बाजारात मिळेनासं झालं. सांगली, मिरज, कोल्हापूर, सगळीकडे 'स्टॉक नाही'. जुनं, स्वस्त, नफा नसलेलं औषध. जगातल्या बऱ्याच देशांत त्याची टंचाई होते. शेवटी एका लेखकमित्रानं पुण्याहून पाठवलेल्या पुस्तकाच्या गठ्ठ्यात दोन कुप्या ठेवल्या होत्या. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभारली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांची मदत घेऊन, आणि ती मुख्यतः पेनिसिलिनसाठी. नव्या देशानं जे काम इतकं तातडीचं मानलं, त्या औषधासाठी इतक्या वर्षांनी एका बापानं ओळखीपाळखी काढाव्यात याचा मला संताप आहे आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं. २०१८ साली जागतिक आरोग्य सभेनं ऱ्हुमॅटिक फीवर आणि त्यातून होणाऱ्या हृदयविकारावर ठराव केला. हा आजार दाटीवाटीनं राहणाऱ्यांचा, गरिबांचा; श्रीमंत देशांतून तो जवळजवळ गेला आहे. ठरावाचं मोल औषधाच्या दुकानात ठरतं.

इंजेक्शनच्या वेळी तिला धरून ठेवायचं काम माझं होतं. लहान होती तोवर अंगाचा जोर लावावा लागे. तिचं ओरडणं संपेपर्यंत नर्सबाई थांबायच्या, मग म्हणायच्या, "धरा हं साहेब." त्या धरण्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

मला लिहायचं आहे ते नंतरच्या वर्षांबद्दल. आजार गेला, पण माझी नजर गेली नाही. ती भाकरी मोडते, मी बोटं बघतो. चहाचा कप बशीवर वाजतो, मी पुस्तकातून मान वर काढतो. ती आता चौदा वर्षांची आहे; दार आपटते, भावाशी भांडते, आईला उलटून बोलते, म्हणजे चौदाव्या वर्षी जे करावं ते सगळं करते. आणि दर वेळी माझ्या मनात पहिला हिशेब हाच : मागे घसा कधी दुखला होता? इंजेक्शनला उशीर झाला का? एकदा गणिताचा पेपर अवघड गेला म्हणून ती रडत होती. मी जाऊन म्हणालो, "जरा हात पुढे कर बघू." तिनं हात पाठीमागं नेले आणि म्हणाली, "बाबा, माझ्या हातांकडं बघू नका. मला राग आलाय. नुसता राग."

तेव्हापासून मी याचाच विचार करतो आहे. आधी तिच्या आजाराला सगळ्यांनी वागणं समजलं; आता तिच्या वागण्याला मी आजार समजतो. दोन्हीकडे तिचं स्वतःचं असं काही उरत नाही. ज्या दुखण्याची लक्षणं स्वभावात दिसतात, ते माणसाकडून फार मोठी गोष्ट काढून घेतं : चिडायचा, चुकायचा, हातातून कप पाडायचा साधा हक्क. मधुमेहाच्या मुलाला कुणी 'तू रडतोस ते साखरेमुळे' असं उठता-बसता म्हणत नाही. हिच्या प्रत्येक अश्रूला मात्र माझ्याकडे एक वैद्यकीय शक्यता तयार असते. आणि ती शक्यता खोटीही नाही, हीच अडचण आहे. उलटलेला कोरिया लवकर ओळखला तर तिचा फायदा आहे. नजर पूर्ण काढून घेणं मला परवडणारं नाही आणि ती सतत लावून ठेवणं तिला परवडणारं नाही.

यावर आम्ही दोघांनी बोलून काहीतरी ठरवलं. तिनंच सुचवलं. दर २१ दिवसांनी इंजेक्शनच्या आदल्या रात्री ती स्वतः माझ्यासमोर बसते, दोन बोटं पकडते, जीभ काढून दाखवते, हात वर करते, एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिते. तेवढ्या वेळात मला हवं तेवढं बघायची मुभा. एरवी नाही. मंत्रचळ परत येतोय असं तिला वाटलं तर ती आपण होऊन सांगणार; आम्ही विचारायचं नाही. मी हा नियम नेहमी पाळतो असं म्हणणार नाही, पण नजर चुकून गेली तर ती मला आठवण करून देते, आणि आता हसून देते. त्या कागदांवरची अक्षरं मी तपासतो तेव्हा माझ्या धंद्याची नजर आणि बापाची नजर वेगळी करता येत नाही. अक्षर चांगलं आहे. ती आता जोडाक्षरं घाईत तोडून लिहिते, पण वर्गातल्या सगळ्याच मुली तसं लिहितात असं म्हणते.

एक गोष्ट तिला अजून सांगायची राहिली होती, ती यंदा सांगितली. म्हणजे तिच्या आईनं सांगितली. लहानपणी कोरिया झालेल्या बाईला गरोदरपणात तो पुन्हा येऊ शकतो, काही गर्भनिरोधक गोळ्यांनीही येऊ शकतो. पुढे कुठल्याही गावात, कुठल्याही डॉक्टरपुढे बसशील तेव्हा हे आधी सांगायचं, झडपेबद्दल तर सांगायचंच. तिनं आजीच्या बहिणीबद्दल विचारलं. आजीनं तिला सगळं सांगितलं, गावानं पाडलेलं ते नावसुद्धा.

हा लेख तिनं वाचला आहे. यातले दोन प्रसंग तिनं काढायला लावले, ते काढले. तिचं नाव घालायचं नाही हेही तिचंच. बालमानसतज्ज्ञ बाईंकडच्या एका गोष्टीबद्दल मी चुकीचं लिहिलं होतं असं ती म्हणाली, तिथं तिनं सांगितलं तसं केलं. आणि पुढच्या वेळी इंजेक्शनला ती मैत्रिणीबरोबर सायकलवरून जाणार म्हणते, आमच्यापैकी कुणी नको. बायकोचं म्हणणं जाऊ द्यावं. माझं म्हणणं, इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात बसायला सांगतात तेवढं तरी ती बसली पाहिजे, आणि ठणकत्या पायानं सायकल कशी चालवणार? यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.